परब काकांचे बदाम

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक गेलं की घरचे लोक डबा घासून परत आणून देतात. एरवी हळदीचे डाग घेऊन येणारा डबा एकाएकी लख्ख होऊन येतो आणि कुणी काही बोलायच्या आधीच मला कळतं. मग मी त्यावरचं नाव पुसते, थोडे दिवस तो फळीवर उपडा ठेवते आणि नंतर दुसऱ्या कुणाला लावते. वाचणाऱ्याला निर्दयपणा वाटेल, पण रडत बसले तर बाकीच्यांच्या भाकऱ्या कोण थापणार?

मी दहिसरला पथ्याचे डबे करते. सासऱ्यांचं बायपास झालं तेव्हा हॉस्पिटलमधल्या आहारवाल्या मॅडमनी मला समोर बसवून काय चालेल, काय नाही ते समजावलं होतं. सासऱ्यांसाठी रांधता रांधता शेजारच्या बिल्डिंगमधून विचारणा आली, मग बोरिवलीहून. सासरे पुढे पुष्कळ वर्षं जगले, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत जगले, आणि तीच माझी जाहिरात झाली. आता ह्याच धंद्यात माझे केस पांढरे झालेत. माझ्या डब्यात मीठ बेताचं, तेल नावापुरतं, लोणचं-पापड नाही, तळलेलं तर नाहीच. पहिले आठ दिवस गिऱ्हाइकाला मी वैरीण वाटते. नंतर सवय होते, म्हणजे तक्रार तीच राहते, फक्त आवाज खाली येतो.

प्रत्येक डब्यात एक छोटी स्टीलची डबी असते. तिच्यात बदाम, अक्रोड, कधी काजू, कधी साधे भाजलेले शेंगदाणे, सगळं बिनमिठाचं. लोक विचारतात, "ताई, एकीकडे तेल बंद करता आणि दुसरीकडे हे तेलाचे दाणे देता, हे कसं काय?" प्रश्न रास्त आहे. पण दाण्यातलं तेल वेगळं. रोज थोडे खाल्ले तर रक्तातलं वाईट कोलेस्ट्रॉल खाली यायला मदत होते, रक्तवाहिन्यांना आधार मिळतो. शिवाय पोट भरतं, त्यामुळे संध्याकाळी फरसाणाच्या पुडीकडे हात जात नाही. त्यासाठी महागडे अक्रोडच हवेत असंही नाही, आपला शेंगदाणाही तेच काम करतो. अट एवढीच की मूठभर खायचे, आणि फरसाणाच्या जागी खायचे, फरसाणाच्या जोडीला नाही. सांगून ठेवते, हे औषध नव्हे. गोळ्या बंद करून कुणी बदाम खात बसला तर वाट लागेल.

एवढं साधं सांगूनही लोक काय काय करतात! बोरिवलीचे एक निवृत्त साहेब होते, तरुणपणी कबड्डी खेळलेले. त्यांचा पंजा सुपाएवढा. मॅच बघता बघता ते दर ओव्हरला एक मूठ मारायचे आणि मॅच संपल्यावर बटाटेवडा खायचे, कारण "बदाम खाल्लेत ना आज." वजन वाढलं तेव्हा भांडायला माझ्याकडेच आले. मी म्हटलं, "साहेब, मूठ माझी धरायची, तुमची नाही." दुसऱ्या एक आजी. त्यांचे बदाम दहावीतल्या नातवाच्या पोटात जात होते. मी रागावले तर म्हणाल्या, "अगं, त्याची परीक्षा आहे. माझ्या हृदयाची आता कसली परीक्षा राहिलीय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे बदाम ही खायची वस्तूच नाही, द्यायची वस्तू आहे. पाहुण्यांना द्यायची, पोरांना द्यायची, देवापुढे ठेवायची, बाळंतिणीच्या लाडवात घालायची. म्हाताऱ्या माणसाच्या तळहातावर बदाम ठेवला की ते आधी आजूबाजूला बघतं, कुणाच्या हातात देऊ म्हणून. मग मी कानाला खडा लावला. डबी परत आली की झाकण उघडून बघायचं आणि दुसऱ्या दिवशी डबा देताना उलटतपासणी घ्यायची, कसे होते, कधी खाल्ले, भिजवून खाल्ले की कोरडे? ह्या उलटतपासणीला भलेभले टरकतात.

परब काका मात्र तिच्यातून सहीसलामत सुटले. कसे सुटले, तेच सांगायला बसलेय.

परब काका नदीकाठच्या चाळीत एकटे राहायचे. मूळचे मालवणकडचे. गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमनकी करत म्हातारे झाले. काकी काही वर्षांपूर्वी गेल्या. एकुलती एक मुलगी प्राजक्ता, लग्न होऊन मुलुंडला. काकांना अटॅक आला, स्टेंट घातली, तेव्हा तिनेच फोन करून डबा लावला आणि पैसेही तीच पाठवायची. मला म्हणाली, "ताई, त्यांच्या तोंडाला लागू नकोस. डबा दे आणि निघ. ते बोलून बोलून तुला गुंडाळतील."

बोलून गुंडाळायचे खरेच. चाळ माझ्या वाटेवर, म्हणून त्यांचा डबा मी स्वतः द्यायचे. आम्ही जालन्याकडचे, आमची कुठलीही भाजी शेंगदाण्याच्या कुटाशिवाय पुढे सरकत नाही. काकांना खोबरं हवं असायचं. झाकण उघडताच सुरू व्हायचं, "काय गो बाय, आज पण घाट्यांचा कूट घातलंस?"

"घातलाय. तुमच्या हार्टला घाटीच सांभाळणार आता."

"माका खोबऱ्याशिवाय जेवण कधी गेलाच नाय."

"म्हणूनच स्टेंट घालावी लागली."

हसायचे, आणि डबा सगळा संपवायचे. बुद्धपौर्णिमेला आमच्याकडची खीर नेली होती, तीही वाटी चाटूनपुसून परत आली. डबी तर रोज रिकामी. उलटतपासणीत ते इतकी बारीक उत्तरं द्यायचे की संशय घ्यायला जागाच नाही. एक दिवस म्हणाले, "कालचो एक अक्रोड जरासो कडू होतो गो. दुकानदार बदल." मी खरोखर दुकानदाराशी जाऊन भांडले. वर मी बाकीच्या गिऱ्हाइकांना सांगत फिरायचे, परब काकांकडे बघा, ह्या वयात कसं पथ्य पाळतात ते!

खरं असं होतं की त्या उन्हाळ्यापासून काकांनी माझा एकही बदाम तोंडात टाकला नव्हता.

उन्हाळ्यात प्राजक्ताला दिवस गेले होते. लग्नाला बरीच वर्षं झालेली, दवाखान्यांच्या चकरा झालेल्या. काकांनी ती बातमी मला जिन्यातच सांगितली, दारापर्यंत यायची वाटसुद्धा बघितली नाही. "चेडवाक दिवस गेले हत," म्हणाले आणि पायरीवरच बसले. डोळे पुसले. मी घाबरून नाडी बघितली तर माझा हात झटकला. "माका काय नाय झाला. माणसान आनंद पण करूचो नाय काय?"

पुढे काही दिवसांनी गेले तर चेहरा उतरलेला. प्राजक्ताच्या सासूबाईंनी फोन केला होता. बाळंतपण मुलुंडलाच करू म्हणाल्या.

"सासू चांगली आहे गो तिची," काका म्हणाले. "म्हणाली, तुम्ही एकटे, तुमची तब्येत अशी, तुमच्याने रात्रीअपरात्री कसं होईल? बरोबरच बोलली. काय चुकीचं नाय बोलली." मग डब्याचं झाकण उगाच लावत-काढत राहिले. "पण पयला बाळंतपण माहेराक असता. तिच्या आयशीन किती ठरवून ठेवलेला."

मी म्हटलं, "काका, आजकाल कोण बघतं हे सगळं?"

"मी बघतंय," म्हणाले.

पावसाळ्याच्या मध्यावर एकदा त्यांनी मला विचारलं, "डिंकाचे लाडू करूक येतत काय गो तुका?"

मी घाईत होते. आणखी डबे पोचवायचे होते. मला वाटलं, म्हाताऱ्याला गोडाची लहर आली. मी तोडून टाकलं, "काका, नाव काढू नका. तूप-गुळाचे लाडू मागताय होय? ह्या जन्मात नाही मिळणार माझ्याकडून."

ते थांबले. काहीतरी सांगणार होते, पण मग हसले आणि म्हणाले, "बरा. नको तर नको."

त्यांनी मागितले ते स्वतःसाठी नव्हते. आता मला ते सरळ दिसतं. तेव्हा मला फक्त माझं पथ्य दिसत होतं. धंद्यात मुरलं की माणसाला असं होतं, समोरचा माणूस काय बोलतोय ते ऐकू येत नाही, त्यात मीठ-साखर किती तेवढंच ऐकू येतं.

गणपती झाल्यावर काका गेले. सकाळी गॅलरीत उभ्या उभ्या छातीत कळ आली, शेजाऱ्यांनी रिक्षात घातलं, हॉस्पिटलपर्यंतही पोचले नाहीत. मी डबा घेऊन गेले तेव्हा दाराला कुलूप होतं आणि खाली चाळीतली माणसं गोळा झाली होती. हातात गरम डबा होता. तो घेऊन मी तशीच परत आले. त्या दिवशी तो कुणालाच दिला नाही.

बारावं झाल्यावर प्राजक्ताचा फोन आला. "ताई, जरा येतेस? तुझा डबा द्यायचाय. आणि एक गोष्ट दाखवायचीय."

सातवा महिना संपत आलेला, पायांना सूज, अंगात नवऱ्याचा ढगळ शर्ट. तिच्यासोबत तिचा नवरा खोली आवरत होता. तिने मला स्वयंपाकाच्या ओट्याशी नेलं. फळीवर काकींची मोठी काचेची बरणी होती, आधी कधीतरी लोणच्याची असलेली. तळाशी बदाम, त्यावर फडक्याचा तुकडा, मग अक्रोड, पुन्हा फडकं, वर काजू. कीड लागू नये म्हणून मध्ये मध्ये लवंगा टाकलेल्या. शेजारी डिंकाची पुडी, खारीक आणि कागदात बांधलेला अळीव. माझ्या डबीतला प्रत्येक बदाम मी ओळखते असं नाही म्हणणार, पण तो आकार, ती जात, अक्रोडाचे ते अर्धे तुकडे, सगळं माझ्याच दुकानदाराचं. मला पुढचं काही विचारावं लागलं नाही.

"फोनवर मला सारखं म्हणायचे," प्राजक्ता म्हणाली. "बाळंतपण तिकडे झालं तर होऊ दे, लाडू माहेरचेच येतील. मला वाटलं दुकानातून आणतील. मी म्हटलंसुद्धा, बाबा, मी पैसे पाठवते. तर इतके चिडले! म्हणाले, तुझ्याच पैशांचे लाडू तुला माहेरचे म्हणून देऊ?"

तिच्या नवऱ्याने चांगल्या मनाने म्हटलं, "पण डब्याचे पैसे पण तूच देत होतीस ना."

  मला काकांचा हिशोब कळला होता. डबा मुलीचा असेल, पण ताटात वाढून आलेला घास ज्याच्या पुढे आला त्याचा. तो घास तोंडात न घालता बाजूला ठेवला की ते त्याचं स्वतःचं देणं होतं. ज्याच्याकडे द्यायला दुसरं काहीच उरलं नाही, तो आपल्या तोंडातलंच देणार.

मला त्या क्षणी काकांचा भयंकर राग आला. ते गेल्यावर पहिल्यांदा मी रडले ती रागाने रडले. अरे बाबा, एक शब्द सांगायचास! मी दुप्पट दिले असते. एक डबी तुला, एक लेकीला. त्या दहावीवाल्याच्या आजींना मी पुढे देत होतेच की, नातवाचे वेगळे. पण मागून मिळालेले त्यांना नकोच असणार.

प्राजक्ता म्हणाली, "ताई, ह्याचे लाडू करून देशील? मला येत नाहीत. आई असती तर..."

मी बरणी उघडली.

हाताने उघडेपर्यंत नाकाला कळलं. अक्रोड खवट झाले होते. काजूही. नदीकाठची ओली भिंत, सबंध पावसाळा, आणि रोज नवीन दाणे टाकायला रोज उघडलेलं झाकण. त्यात त्यांनी बरणी उन्हात ठेवली नव्हती, कारण गॅलरीत ठेवली असती तर मी बघितली असती. बदाम टिकाऊ म्हणून तळाशी हात घातला, तर तेही मऊ पडलेले, काहींना पांढुरकी बुरशी. गरोदर बाईचं नाक तिखट असतं. प्राजक्ताने तोंडावर हात धरला आणि खिडकीकडे गेली. परत आली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी झाकण लावलं.

"करते," मी म्हटलं. "तू घरी जा. बाळ झालं की आणून देईन."

काकांच्या हार्टच्या डॉक्टरांना मी नंतर विचारलं. माझी दोन-तीन गिऱ्हाइकं त्यांच्याकडेच जातात, त्यामुळे ओळख आहे. म्हटलं, डॉक्टर, खाल्ले असते तर? ते म्हणाले, "वैशालीताई, बदाम म्हणजे संजीवनी नाही. त्यांचं हृदय आधीच कमजोर होतं. असल्या गोष्टींचा उपयोग वर्षानुवर्षं खाण्यात असतो. थोड्या महिन्यांत काय फरक पडला असता?" बरं वाटावं म्हणून बोलले की खरं बोलले, मला कळत नाही. बहुतेक खरंच असेल. पण मी हे काम निष्ठेने करते ते ह्या दाण्यांचा उपयोग होतो म्हणूनच ना? मग काका गेल्यावर त्याच दाण्यांचा उपयोग नव्हता असं कुठल्या तोंडाने मानू?

त्या बरणीतला माल मी टाकला. खवट दाणा बाळंतिणीच्या पोटात जाऊ देणार नाही, मग तो कुणीही, कितीही मायेने ठेवलेला असो. अंगणातल्या कुंडीत पुरावा असं मनात आलं होतं, पण उंदीर येतात. ओल्या कचऱ्यात टाकला.   डिंक, खारीक आणि अळीव तेवढे चांगले निघाले, ते ठेवले.

तेव्हापासून मी अर्धा मेवा कुटून कोशिंबिरीत घालते. आता ज्याला कुणाला द्यायचंय त्याने खुशाल कोशिंबीर बरणीत भरून ठेवावी.

प्राजक्ताला मुलगी झाली. मी माझ्या दुकानदाराकडून ताजे बदाम आणले, अक्रोड आणले, काजू आणले. तुपात डिंक फुलवला. आयुष्यभर लोकांना तूप-गूळ नाही म्हणत आलेली मी, त्या दिवशी परातीत सढळ हाताने दोन्ही ओतत होते. काकांचा डिंक, काकांची खारीक, काकांचा अळीव. बाकी सगळं माझं. त्यांची बरणी सोड्याने धुऊन, उन्हात वाळवून, तिच्यातच लाडू भरले आणि मुलुंडला गेले.

सासूबाईंनीच दार उघडलं. बरणी बघून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "माहेरचे आले का?"

"हो," मी म्हटलं. "काकांनी सगळं जमवून ठेवलं होतं. मी नुसते वळले."

त्या बाईने बरणी आधी देव्हाऱ्यापुढे ठेवली, मग आत नेली. प्राजक्ता पलंगावर बसली होती, बाळ मांडीवर. सासूबाईंनी तिच्या हातात लाडू दिला आणि शेजारणीला बोलवायला गेल्या, माहेरचे लाडू दाखवायला.

प्राजक्ताने लाडू फोडला. आतला बदामाचा तुकडा बोटांनी काढून उजेडात धरला. पांढरा स्वच्छ, कोरडा. त्या बरणीतून असला बदाम निघाला नसता, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. तिने तो तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिली.

"बाबांचे बदाम चांगले राहिले गं, ताई," ती म्हणाली.

"चांगले होते," मी म्हटलं.

तेवढ्यात शेजारीण आली. सासूबाईंनी बरणी पुढे केली आणि सांगायला सुरुवात केली, तिच्या वडिलांनी बघा कसं एकेक करून... प्राजक्ताने दुसरा लाडू उचलला. गालांवरून पाणी वाहत होतं, पण ती खात होती, अगदी शेवटच्या चुऱ्यापर्यंत.